एकच शब्द, दोन पथकं: आपत्तीतल्या वैद्यकीय भाषेबद्दल वाचकांचे प्रश्न

पूर, दरड, भूकंप अशा वेळी आपल्याकडे एकाच चिखलात १०८ ची रुग्णवाहिका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, एनडीआरएफ, लष्कर आणि कोकणात नौदलाचं पथक उभं असतं. मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की, या सगळ्यांच्या बोलण्यात शब्द कुठे अडतात? आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या तालुक्यात पूर-सराव झाला. बिनतारी संदेश आला, ‘फोर्टी कॅज्युअल्टीज’. एकाने चाळीस खाटा मागितल्या, दुसऱ्याने चाळीस मृतदेह-पिशव्या. बरोबर कोण?
— महसूल कर्मचारी, सांगली जिल्हा

दोघंही आपापल्या सवयीप्रमाणे बरोबर, म्हणूनच हा शब्द धोक्याचा. लष्करात ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे तुकडीच्या कामातून गेलेला माणूस. त्यात मृत, जखमी आणि बेपत्ता, सगळे आले. सरकारी दवाखान्यात ‘कॅज्युअल्टी’ ही जागा असते: ‘पेशंटला कॅज्युअल्टीत घ्या’. आणि बातम्या ऐकून ऐकून सर्वसामान्य माणसाच्या कानात तो शब्द ‘बळी’ असाच पडतो.

आमचं स्पष्ट मत असं की, आकड्याला जोडून हा शब्द वापरायचाच नाही. त्याऐवजी चार आकडे, कायम याच क्रमाने सांगायचे: मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी, बेपत्ता. एखादा आकडा माहीत नसेल तर ‘माहिती नाही’ म्हणायचं, ‘शून्य’ म्हणायचं नाही. ‘बेपत्ता शून्य’ ऐकून शोधपथक दुसऱ्या गावाला वळवलं जातं.

महसूल खात्याचा स्वतःचा एक शब्द आहे, ‘बाधित’. ज्याच्या घरात पाणी शिरलं तो बाधित, मग त्याला खरचटलेलंही नसो. ‘बाधित ३००’ हा आकडा वैद्यकीय पथकाकडे जसाच्या तसा गेला तर ते ३०० जणांची औषधं बांधतात. तो निवारा आणि शिध्याचा आकडा आहे, तिकडेच जाऊ द्या.

शेवटचं म्हणजे, आकडा कुणी, कुठे आणि किती वाजेपर्यंत मोजला हे सांगा. लष्कर गाडीत चढवलेले मोजतं, रुग्णालय उतरवलेले मोजतं. दोन्ही आकडे नियंत्रण कक्षात बेरजेला लागले की ११ जखमींचे २२ होतात.

प्रश्न : आम्ही लाल-पिवळा-हिरवा शिकलो. सरावाला आलेले लष्करी सहकारी ‘टी-वन’, ‘प्रायॉरिटी’, ‘डिलेड’ म्हणत होते. याचा मेळ कसा घालायचा?
— परिचारिका, उपजिल्हा रुग्णालय

मूळ कल्पना एकच: कुणावर आधी उपचार करायचे ते ठरवून तशी रंगाची चिठ्ठी लावायची. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लॅरी याने हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायला सुरुवात केली, आणि ‘निवडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ‘ट्रायाज’ शब्द आला. पुढे प्रत्येक देशाने आणि सैन्याने आपापल्या चिठ्ठ्या केल्या.

ढोबळ मेळ असा: लाल म्हणजे ‘इमिजिएट’, नाटोच्या यादीतलं टी-१, ब्रिटिशांचं पी-१. पिवळा म्हणजे ‘डिलेड’, टी-२. हिरवा म्हणजे ‘मिनिमल’, टी-३. चौथ्या वर्गाबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे होते.

आता अडतं कुठे ते पाहा. ‘डिलेड’ ऐकून नवखा माणूस समजतो की हा पेशंट उशिरा आला, किंवा याला उशीर झाला तरी चालेल. पिवळ्यात कमरेचं हाड मोडलेला, पोटाला मार लागलेला माणूस असतो. तो थोडा वेळ थांबू शकतो, दिवसभर नाही. ‘प्रायॉरिटी’चं तर उलटंच. आपल्याकडे ‘प्रायॉरिटी पेशंट’ म्हणजे सगळ्यात आधी न्यायचा. जखमींना हवाई मार्गाने हलवण्यासाठीच्या अमेरिकी लष्कराच्या यादीत ‘अर्जंट’ आधी येतो, ‘प्रायॉरिटी’ त्याच्याखाली. त्याला चार तासांची मुदत असते आणि ‘रूटीन’ला चोवीस तासांची. त्या यादीवरून शिकलेल्या माणसाला तुम्ही नुसतं ‘प्रायॉरिटी’ म्हणालात, तर तो तुमचा लाल रुग्ण दुसऱ्या फेरीत टाकेल. ‘सीरियस’ही तसाच. आपण नातेवाइकांना ‘सीरियस आहे’ म्हणतो तेव्हा काही खरं नाही असाच अर्थ निघतो. आपल्या लष्करी रुग्णालयांत दोन याद्या असतात, ‘डेंजरसली इल’ आणि ‘सीरियसली इल’. तिथे ‘सीरियस’ ही खालची पायरी आहे.

उपाय साधा आहे: रंग बोला आणि लगेच कृती बोला. ‘लाल, पहिल्या गाडीत.’ ‘पिवळा, झोपवून, दर १५ मिनिटांनी बघा.’ ‘हिरवा, चालत शाळेच्या मैदानात.’ कृती कानावर पडली की रंगाचं नाव चुकलं तरी माणूस योग्य गाडीत चढतो.

रंग ठरवण्याची पद्धतही दोन्ही पथकांनी एकच घ्यावी. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये तयार झालेली ‘स्टार्ट’ पद्धत आपल्याकडे बऱ्याच प्रशिक्षणांत शिकवली जाते. चालू शकतो तो हिरवा. श्वास नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा, तरीही श्वास नाही आला तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. ‘डोळे उघड, हात दाब’ एवढं सांगूनही करत नसेल तर लाल. उरलेला पिवळा. एका माणसामागे अर्धं ते एक मिनिट, त्याहून जास्त नाही. मूळ पद्धतीत नाडीऐवजी नख दाबून रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का, ते बघायचे. पावसात गारठलेल्या हाताला आणि अंधारात ते फसवं ठरतं, म्हणून नाडीच धरावी.

इथे एक बारीक खाच आहे. ‘स्टार्ट’मध्ये ३० पेक्षा जास्त श्वास असले की लाल. ‘ट्रायाज सिव्ह’ या ब्रिटिश पद्धतीत ३० किंवा जास्त असले की लाल. बरोबर ३० असलेला माणूस एका पथकाचा पिवळा आणि दुसऱ्याचा लाल होतो. त्यात घाईने १५ सेकंद मोजून चारने गुणलं की उत्तर २८ तरी येतं किंवा ३२, तीस कधी येतच नाही. तेव्हा निदान ३० सेकंद मोजा, आणि तिशीचं काय करायचं ते जिल्ह्याने एकदा ठरवून टाका. आमचा कौल लालकडे.

चिठ्ठीबद्दलही एक गोष्ट. लष्करी पथकं रात्री पुष्कळदा डोक्यावरच्या दिव्याचा लाल उजेड वापरतात. त्या उजेडात लाल कागद पांढऱ्यासारखा दिसतो आणि त्यावरची लाल अक्षरं गायब होतात. म्हणून प्रत्येक रंगावर काळ्या शाईत मोठा आकडा हवा: १, २, ३. आणि चिठ्ठी कपड्याला टाचू नका. कपडे कापले जातात आणि चिठ्ठी त्यांच्याबरोबर जाते. मनगटाला किंवा घोट्याला बांधा.

प्रश्न : काळी चिठ्ठी लावलेल्या माणसाकडे पुन्हा कुणी बघतं का? आणि ‘एक्स्पेक्टंट’ म्हणजे नक्की काय?
— वैद्यकीय विद्यार्थिनी, पुणे

बघायलाच हवं. काळा रंग निरनिराळ्या पद्धतींत निरनिराळ्या माणसाला लागतो, म्हणून तर हे विचारणं गरजेचं आहे.

‘स्टार्ट’मध्ये श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास नाही, तो काळा. लष्करी टी-४ म्हणजे ‘एक्स्पेक्टंट’. तो जिवंत आहे, पण आत्ता हाताशी असलेल्या माणसांत आणि साधनांत त्याला वाचवायला गेलं तर वाचू शकणारे इतर जातील, असा अंदाज केलेला आहे. अमेरिकेतल्या ‘सॉल्ट’ पद्धतीने हे दोघं वेगळे केले. मृताला काळा, एक्स्पेक्टंटला करडा. ब्रिटिश पद्धतीत हा वर्ग वापरायचा की नाही ते घटनास्थळावरचे वरिष्ठ ठरवतात. आपल्याकडच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर करडा रंग नाही. त्यामुळे जिवंत टी-४ रुग्णाला लष्करी सहकाऱ्याने काळी पट्टी बांधली, तर पुढचा नागरी कर्मचारी त्याला मृतांच्या रांगेत ठेवेल. ही गफलत कुठल्याही परिस्थितीत होता कामा नये. जिल्ह्यात करड्या पट्ट्या नसतील तर काळ्या पट्टीवर ‘जिवंत’ हा शब्द आणि वेळ लिहा आणि रुग्णाला मृतांपासून वेगळ्या जागी ठेवा.

शब्दाचा आणखी एक घोळ आहे. प्रसूती विभागात ‘एक्स्पेक्टंट’ म्हणजे गरोदर, आणि ‘एक्स्पेक्टंट मॅनेजमेंट’ म्हणजे काही न करता लक्ष ठेवून थांबणं. स्त्रीरोगतज्ज्ञाला फोनवर ‘दोन एक्स्पेक्टंट येत आहेत’ असं सांगितलं तर तो प्रसूतीची तयारी करेल, आणि त्यात त्याची चूक नाही. मराठीत ‘अपेक्षित’ असं भाषांतर तर मुळीच नको. ‘करडा, जिवंत, वेदनाशामक द्या, सोबत माणूस ठेवा’ एवढं बोललं की पुरे. पांघरूण, वेदनाशामक, जवळ एक माणूस, आणि नाव समजलं तर ते चिठ्ठीवर. लाल रुग्ण मार्गी लागले, नवी रुग्णवाहिका आली, की हाच रुग्ण पुन्हा तपासायचा. परिस्थिती बदलली की त्याचा वर्गही बदलू शकतो.

लहान मुलांना मोठ्यांचा नियम लावू नका. मुलांमध्ये बहुधा आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून १९९५ मध्ये बालरोगतज्ज्ञ लू रोमिग यांनी केलेल्या ‘जम्पस्टार्ट’मध्ये, श्वास नाही पण नाडी आहे अशा मुलाला पाच श्वास देऊन पाहतात. श्वास सुरू झाला तर ते मूल लाल. श्वास मिनिटाला १५ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त असला तरी लाल. या पाच श्वासांची माहिती दोन्ही पथकांना हवीच.

आणि काळी पट्टी हा मृत्यूचा दाखला नव्हे. मृत्यू डॉक्टरने तपासून घोषित करायचा असतो. नातेवाइकांना पट्टीवरून काही सांगू नका.

प्रश्न : बाहेरच्या राज्यातले जवान आणि आमचे गावकरी यांच्यात दुभाष्याचं काम आम्ही करतो. हिंदी तर सगळ्यांना येतं, मग अडचण काय येणार, असं आधी वाटत होतं...
— राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक, कोल्हापूर जिल्हा

अडचण तिथेच येते, कारण शब्द ओळखीचा वाटतो. एकच उदाहरण जवळून बघू.

जवान विचारतो, ‘खून कहाँ से आ रहा है?’ जखमीचा भाऊ म्हणतो, ‘जांघेतनं.’ तुम्ही तेच पुढे देता: ‘जाँघ से.’ हिंदीत जाँघ म्हणजे आपली मांडी. मराठीत जांघ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांच्यामधला खळगा. जवान मांडीवरचा रक्तस्राव समजून टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळायचा पट्टा, बाहेर काढतो. टूर्निकेट जखमेच्या वर, पाच ते सात सेंटिमीटरवर चढवायचं असतं, आणि जांघेच्या वर ते चढवायला जागाच नाही. मग ते खालीच मांडीवर आवळलं जातं, वरून रक्त वाहत राहतं, आणि कपड्याखाली ते लगेच दिसतही नाही. जांघेतल्या रक्तस्रावाला जखमेत खोलवर गॉझ ठासून दोन्ही हातांनी दाब द्यावा लागतो. रक्त थांबवणारं औषधी गॉझ असेल तर किमान तीन मिनिटं, साधं असेल तर दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. म्हणजे एका शब्दावर उपचारच बदलला. तेव्हा शब्द सांगू नका, जागेवर बोट ठेवून दाखवा. फोनवर असाल तर ‘कमर और जाँघ के जोड़ पर’ असं म्हणा.

दुसरा असाच शब्द ‘जनावर’. पुरात साप घरात शिरतात, आणि गावाकडे सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर चावलं’ किंवा ‘पान लागलं’ म्हणतात. हिंदी भाषकाला ‘जानवर ने काटा’ ऐकू येतं आणि तो कुत्रं-माकड समजून रेबीजच्या लशीकडे वळतो. तुम्ही स्पष्ट ‘साँप’ म्हणा. दंश किती वाजता झाला तेही विचारून सांगा.

‘शुद्धीवर नाही’ हे हिंदीत कळत नाही, ‘होश में नहीं’ म्हणा. ‘ताप’चं ‘बुखार’, ‘जुलाब’चं ‘दस्त’, ‘पोटरी’चं ‘पिंडली’, ‘बरगडी’चं ‘पसली’. ‘मुका मार’ या आपल्या शब्दाला मात्र जपा. जखम दिसत नाही पण आत मार आहे, हे तो दोन शब्दांत सांगतो. हिंदीत ‘अंदरूनी चोट’ म्हणा. पोटाला मुका मार असलेला, बोलणारा, पाणी मागणारा माणूस हिरव्यांत बसवला जातो आणि तासाभरात कोसळतो. पोटाला मार असेल तर तो चालत आला तरी ते मोठ्याने सांगा.

प्रश्न : ‘रोल’, ‘लेव्हल’, ‘टाइप’ यांत मोठं रुग्णालय कोणतं? आणि लष्कराने ‘सर्जन’ मागितला तर कुणाला पाठवायचं?
— तालुका आरोग्य कार्यालय, रायगड जिल्हा

आकड्यांची दिशाच उलटी आहे. लष्करी ‘रोल’मध्ये आकडा वाढला की सोय वाढते. रोल-१ म्हणजे आघाडीवरचा पहिला उपचार, रोल-४ म्हणजे मागचं सर्व सोयींचं रुग्णालय. अमेरिकी पद्धतीच्या ट्रॉमा सेंटरमध्ये लेव्हल-१ सगळ्यात वरचं. एक डॉक्टर ‘लेव्हल वन’ला न्या म्हणाला आणि चालकाने ‘रोल वन’ ऐकलं, तर छातीत जखम असलेला माणूस तंबूत पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन पथकांचं तिसरंच. टाइप-१ बाह्यरुग्ण उपचार करतं. टाइप-२ कडे निदान २० खाटा आणि रोज ७ मोठ्या शस्त्रक्रियांची ताकद लागते. टाइप-३ कडे निदान ४० खाटा आणि अतिदक्षता. या भानगडीत पडण्यापेक्षा विचारा: भूल देऊन शस्त्रक्रिया होते का? रक्त आहे का? व्हेंटिलेटर किती मोकळे? तीन उत्तरं मिळाली की आकड्याची गरज राहत नाही.

आता ‘सर्जन’. आपल्या जिल्ह्यातला ‘सिव्हिल सर्जन’ हे जिल्हा शल्यचिकित्सकाचं प्रशासकीय पद आहे, ते स्वतः शस्त्रक्रिया करणारे असतीलच असं नाही. नौदलात तर सगळ्याच डॉक्टरांच्या हुद्द्याआधी ‘सर्जन’ लागतं: सर्जन लेफ्टनंट, सर्जन कमांडर. तो बालरोगतज्ज्ञही असू शकतो. त्यामुळे कोकणात नौदलाचा सर्जन आणि जिल्ह्याचा सर्जन समोरासमोर उभे राहून दोघंही शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाची वाट बघत बसतील, असं होऊ शकतं. मागणी कामाची करा: ‘पोट उघडून रक्तस्राव थांबवणारा, सोबत भूलतज्ज्ञ.’

‘आरएमओ’ आपल्याकडे रुग्णालयाचा निवासी वैद्यकीय अधिकारी, लष्करात पलटणीचा डॉक्टर. ‘कॅप्टन’ भूदलात कनिष्ठ अधिकारी, नौदलात भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. ‘फील्ड ॲम्ब्युलन्स’ ही गाडी नव्हे, अख्खी वैद्यकीय तुकडी. १९५० ते १९५४ कोरियात काम केलेली लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ती हीच. आता तिला फील्ड हॉस्पिटल म्हणतात. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तिनेच तुर्कस्तानात इस्केन्देरुनला ३० खाटांचं रुग्णालय उभारलं. जुन्या अधिकाऱ्याच्या तोंडी अजून ‘फील्ड ॲम्ब्युलन्स येतेय’ असं आलं, तर एका गाडीची नाही, मोकळ्या मैदानाची सोय बघा.

गाडीचंही तसंच. १०८ सेवेत ‘एएलएस’ (प्रगत जीवरक्षण) आणि ‘बीएलएस’ (प्राथमिक जीवरक्षण) असे प्रकार आहेत. लष्करी रुग्णवाहिकेत डॉक्टरऐवजी नर्सिंग असिस्टंट असू शकतो, म्हणजे वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला जवान. ‘ॲम्ब्युलन्स आहे’ एवढ्यावर थांबू नका. आत कोण आहे आणि ऑक्सिजन किती आहे ते विचारा.

प्रश्न : जखमी सोपवताना लष्करी सहकारी काही ठरावीक क्रमाने भराभर बोलतात. तो क्रम काय? वेळ कशी सांगायची?
— १०८ रुग्णवाहिकेवरील डॉक्टर

तो क्रम इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या ‘ॲट-मिस्ट’चा: वय, घटनेची वेळ, इजा कशाने, कुठे इजा, आत्ताची लक्षणं, दिलेले उपचार. मराठीत तो असा होतो (तीन-पाच म्हणजे ३५; एक-चार, दोन-शून्य म्हणजे १४.२०):

‘वय तीन-पाच, पुरुष. वेळ एक-चार, दोन-शून्य. पायावर भिंत पडली. उजव्या पोटरीला उघडी जखम, छातीला डावीकडे मुका मार. श्वास दोन-आठ, मनगटाची नाडी लागते, सांगितलेलं करतो. टूर्निकेट उजव्या मांडीवर, एक-चार, तीन-पाच.’

हे वीस सेकंदांत होतं. नुसत्या आकड्यांवर हा माणूस पिवळा ठरतो, पण टूर्निकेट चढलं की घड्याळ सुरू होतं, म्हणून आम्ही तो लाल धरतो. घेणाऱ्याने हे बोलणं संपेपर्यंत पेशंटला हात लावू नये आणि मध्ये प्रश्न विचारू नये. शेवटी त्याने दोनच गोष्टी परत म्हणून दाखवाव्यात: टूर्निकेटची जागा आणि वेळ.

आकडे सुटे सुटे बोलायचे. बिनतारी यंत्रावर ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ एकच वाटतात. ‘सव्वादोन’, ‘पावणेतीन’ घरी ठेवा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने सांगा, कारण ‘दोनला’ म्हणजे दुपारी की पहाटे, हे पुढच्या रुग्णालयात कुणाला सांगता येणार नाही. चिठ्ठीवर मात्र आकडे इंग्रजी वळणाने लिहा. देवनागरी ‘४’ हा ते न येणाऱ्याला आठासारखा दिसतो, ‘१’ नवासारखा. १४ चे ९८ झाले तर निदान चूक कळते, पण ४४ ची नाडी ८८ झाली तर कुणालाच कळत नाही, आणि अशा चुका रात्रीच होतात.

‘ओव्हर अँड आउट’ सिनेमातलं आहे. ‘ओव्हर’ म्हणजे आता तू बोल, ‘आउट’ म्हणजे माझं संपलं. दोन्ही एकदम म्हणता येत नाहीत. ‘रॉजर’ म्हणजे ऐकलं, करतो असं नव्हे. करणार असाल तर ‘करतो’ म्हणा. आणि ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणू नका, ‘से अगेन’ किंवा ‘पुन्हा सांगा’ म्हणा. तोफखान्यात ‘रिपीट’ म्हणजे पुन्हा मारा करा, त्यामुळे लष्करी माणूस तो शब्द टाळतो.

प्रश्न : दरडीखालून माणूस काढताना ‘रिलीज करतोय’ असा आवाज आला. आमच्या डॉक्टरांना वाटलं, दवाखान्यातून सोडताहेत. हसू आलं, पण यात धोका आहे का?
— ग्रामपंचायत सदस्य, पुणे जिल्हा

मोठा धोका आहे. इथे ‘रिलीज’ म्हणजे दबलेल्या अवयवावरचा दाब काढणं. माळीणला २०१४ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये अख्ख्या वस्त्या दरडीखाली गेल्या. अशा ठिकाणी पाय किंवा मांडी तासन्‌तास दबलेला माणूस बोलत असतो, शुद्धीवर असतो. दगड उचलताच दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. म्हणून दगड उचलायच्या आधी सलाइन सुरू करतात. प्रौढाला तासाला साधारण एक लिटर, साधं नॉर्मल सलाइन. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं.

म्हणजे दगड उचलण्याचा क्षण डॉक्टरला आधी कळायला हवा. त्यासाठी ठरलेलं वाक्य: ‘दाब काढू का?’ डॉक्टर सलाइन बघून म्हणेल, ‘काढा’ किंवा ‘थांबा’. ‘हो’, ‘ओके’, ‘क्लिअर’ यांतलं काही नको. ‘क्लिअर’ तर चार अर्थांचा आहे: जागा सुरक्षित, शॉक देताना दूर व्हा, मानेला इजा नाही, घरी जाऊ द्या.

प्रश्न : जिल्ह्यासाठी सामाईक शब्दांची यादी करायची आहे. सुरुवात कुणी आणि कशी करायची?
— निवृत्त आरोग्य अधिकारी, सातारा जिल्हा

अधिकार आधीच आहे. २०१० च्या ‘घटना प्रतिसाद प्रणाली’च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जिल्हाधिकारी हे जिल्ह्याचे ‘रिस्पॉन्सिबल ऑफिसर’, आणि लष्करी मदत त्यांच्याच मागणीवरून येते. तेव्हा यादी त्यांच्या सहीने निघावी. बसायला बोलवा: जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, १०८ चे जिल्हा समन्वयक, पोलीस बिनतारी विभाग, अग्निशमन, पुण्याची एनडीआरएफ पाचवी बटालियन, जवळच्या लष्करी रुग्णालयाचा अधिकारी. आणि एक रुग्णवाहिका-चालक नक्की. चुकीच्या शब्दाने गाडी चुकीच्या दवाखान्यात गेली की ते पहिल्यांदा त्यालाच कळतं.

चाळीस शब्दांच्या वर जाऊ नका. नवे मराठी शब्द घडवत बसू नका. ‘रुग्णप्राधान्यनिश्चिती’ कागदावर शोभतं, चिखलात उभं राहून कुणी म्हणत नाही. ‘ट्रायाज’, ‘टूर्निकेट’ दोन्ही पथकांना कळतात, ते तसेच ठेवा. मराठी तिथे हवी जिथे गावकऱ्यांशी बोलणं आहे. यादीतला अर्धा भाग ‘हा शब्द वापरायचा नाही’ असा असू द्या: कॅज्युअल्टी, प्रायॉरिटी, सीरियस, स्टेबल, क्लिअर, इव्हॅक्युएशन. शेवटच्याचे तीन अर्थ आहेत: जखमी हलवणं, गाव खाली करणं, आणि गर्भपिशवी साफ करणं. तसंच ‘टास्क फोर्स’. घटना प्रतिसाद प्रणालीत तो वेगवेगळ्या साधनांचा एक छोटा गट असतो, आणि लष्करी कानाला मोठी फौज वाटते.

यादी झाली की चाचणी घ्या. ती न बनवलेल्या दोन माणसांना दोन खोल्यांत बसवा, वॉकीटॉकी द्या, दहा संदेश पाठवायला सांगा. ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते नको, काय करणार ते लिहायचं. जिथे कृती चुकली तो शब्द काढून टाका. मग हातात मावेल असं, दोन्ही बाजूंनी छापलेलं, पाण्याने न भिजणारं कार्ड करा आणि कोपऱ्यात आवृत्तीची तारीख मोठी छापा. दर सरावानंतर बदल केला तर जुनी कार्डं मोजून परत घ्या आणि तिथेच कापून टाका. रुग्णवाहिकेत चालकासमोरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेमागे अडकवलेलं एक जुनं कार्ड हमखास राहतं, म्हणून गाड्या स्वतः जाऊन तपासा.